वारसा की जोडणी?

‘एस.टी. हे वाहन आहे’ आणि ‘एस.टी.ला इंजिन आहे’ ही दोन वाक्ये एकाखाली एक लिहून पाहा. दोन्हींचे क्रियापद एकच, ‘आहे’. अर्थ मात्र अगदी निराळे. पहिल्या वाक्यात एस.टी.ची जात सांगितली आहे. ती वाहनांच्या कुळातली आहे, म्हणून वाहनाला जे जे लागू ते ते तिलाही लागू. दुसऱ्या वाक्यात एस.टी.जवळ काय आहे ते सांगितले आहे. इंजिन हा तिचा एक भाग आहे, एस.टी. म्हणजे इंजिन नव्हे. हा फरक क्रियापदाने कळत नाही, तो ‘ला’ या चिमुकल्या प्रत्ययाने कळतो.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांना रोज याच ‘ला’चा निर्णय करावा लागतो. एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या जातीची मानायची, की दुसरी वस्तू पहिलीचा भाग मानायची? पहिल्या मार्गाला वारसा म्हणतात, इंग्रजीत इनहेरिटन्स. दुसऱ्याला जोडणी म्हणू या. इंग्रजीत तिला कॉम्पोझिशन असे नाव आहे. ही निवड चुकली तरी आज्ञावली पहिल्या दिवशी बिनबोभाट चालते. चूक कळते ती सहा महिन्यांनी, जेव्हा काही बदलायची वेळ येते आणि मूळ लिहिणारा विद्यार्थी दहावी होऊन शाळेबाहेर पडलेला असतो! म्हणूनच हा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे.

वर्ग आणि वस्तू

समजा, सोयगावच्या एखाद्या शाळेतील विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्याचे संकेतस्थळ तयार करायचे ठरवले. सोयगाव तालुका म्हणजे अजिंठ्याच्या लेण्यांचा तालुका. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर, उभ्या कड्यात सुमारे तीस लेणी खोदलेली आहेत. प्रत्येक लेण्यासाठी एक पान हवे : लेण्याचा क्रमांक, काळ, आत काय पाहावे, इत्यादी.

तीस पाने हातांनी लिहिता येतील. पण पानांची मांडणी बदलायची म्हटली की तीस ठिकाणी हात लावावा लागेल, आणि त्यांतली दोन-तीन नक्की राहून जातील. म्हणून संकेतस्थळे करणारे लोक पाने लिहीत नाहीत. पाने तयार करणारी आज्ञावली लिहितात. तिच्यात ‘लेणे’ नावाचा एक साचा असतो. या साच्याला वर्ग म्हणतात. साच्यावरून तयार झालेले प्रत्यक्ष लेणे १, लेणे २ इत्यादींना वस्तू म्हणतात. वर्गात दोन प्रकारच्या गोष्टी लिहिलेल्या असतात. एक, गुणधर्म : क्रमांक, काळ. दुसऱ्या, क्रिया : ‘वर्णन कर’, ‘पान तयार कर’. गणपतीच्या साच्यातून सगळ्या मूर्ती सारख्याच निघतात. येथे मात्र प्रत्येक वस्तू आपल्या गुणधर्मांच्या किमती स्वतःजवळ बाळगते. साचा एक, पण लेणे १ चा क्रमांक १ आणि लेणे २ चा २.

ही कल्पना संकेतस्थळांहून बरीच जुनी आहे. नॉर्वेतील ओस्लो येथील संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नूगोर या दोघांनी १९६० च्या दशकात ‘सिम्युला’ ही भाषा घडवली. प्रत्यक्ष जगातील घडामोडींची नक्कल संगणकावर करणे हा तिचा हेतू होता. १९६७ च्या तिच्या आवृत्तीत वर्ग, वस्तू आणि वारसा या तिन्ही कल्पना अवतरल्या. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्मॉलटॉक’ या भाषेत त्या आणखी पुढे नेल्या. आज संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट या भाषांत वस्तूंची ही पद्धत कमीअधिक फरकाने आलेली आहे.

वारसा कसा चालतो?

अजिंठ्याला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की तेथील लेणी दोन प्रकारची आहेत. ९, १०, १९, २६ आणि अपूर्ण राहिलेले २९ ही चैत्यगृहे, म्हणजे प्रार्थनेची सभागृहे. त्यांच्या टोकाला स्तूप असतो. बाकीचे बहुतेक विहार, म्हणजे भिक्षूंच्या निवासाच्या जागा. त्यांत मध्ये मंडप आणि कडेने खोल्या असतात.

वर्ग लिहिणारा विद्यार्थी साहजिकच असे लिहील :

वर्ग लेणे
 गुणधर्म : क्रमांक, काळ
 क्रिया : वर्णन कर, पान तयार कर

वर्ग चैत्यगृह – लेणे या वर्गाचा वारस
 जास्तीचा गुणधर्म : स्तूप

वर्ग विहार – लेणे या वर्गाचा वारस
 जास्तीचा गुणधर्म : खोल्यांची संख्या

‘वारस’ हा शब्द येथे चपखल आहे. वडिलोपार्जित घर आपल्याला बांधावे लागत नाही. तसे क्रमांक, काळ आणि ‘पान तयार कर’ ही क्रिया चैत्यगृहाला आणि विहाराला आयती मिळते. ‘लेणे’ हा जनक वर्ग आणि ‘चैत्यगृह’ व ‘विहार’ हे उपवर्ग झाले. उपवर्गाला एखादी वडिलोपार्जित क्रिया पसंत नसेल तर ती तो आपल्यापुरती नव्याने लिहू शकतो. ‘चैत्यगृह हे लेणे आहे’, ‘विहार हे लेणे आहे’ ही दोन्ही वाक्ये खरी आहेत. येथपर्यंत सर्व ठीक आहे.

तडा कोठे जातो?

आता पानावर बुद्धमूर्तीचे वर्णन घालायचे आहे. येथे इतिहास आडवा येतो. अजिंठ्याचे खोदकाम एकाच काळात झालेले नाही. काही लेणी इसवी सनापूर्वीच्या शतकांपासून सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यातली आहेत, तर बहुतेक लेणी पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात खोदली गेली. पहिल्या टप्प्यात बुद्धाची पूजा मूर्तिरूपाने होत नसे. नंतर ती होऊ लागली. त्यामुळे मूळ खोदकामाचा विचार केला तर असा तक्ता तयार होतो :

चैत्यगृह, मूर्ती नाही : ९, १०
चैत्यगृह, मूर्ती आहे : १९, २६
विहार, मूर्ती नाही : १२, १३
विहार, मूर्ती आहे : १, २, १६, १७

मूर्तीच्या वर्णनाची क्रिया कोणत्या वर्गात लिहायची? ‘लेणे’ या जनक वर्गात लिहिली तर १२ क्रमांकाच्या लेण्याच्या पानावर नसलेली मूर्ती उमटेल. ‘विहार’ या वर्गात लिहिली तरी तेच होईल, शिवाय १९ आणि २६ ला ती मिळणार नाही. ‘चैत्यगृह’ आणि ‘विहार’ या दोन्हींचे ‘मूर्तीसह’ असे पोटवर्ग केले तर तोच मजकूर दोनदा लिहावा लागेल, आणि मजकूर दोनदा लिहावा लागू नये म्हणून तर वारसा घेतला होता!

इतक्यावर भागत नाही. भित्तिचित्रे काही लेण्यांत चांगली टिकली आहेत, काहींत नाहीत. लेणे ६ दुमजली आहे, इतर तशी नाहीत. प्रत्येक नवा ‘हो की नाही’ असा प्रश्न वर्गांची संख्या दुप्पट करतो. चैत्य की विहार, मूर्ती आहे की नाही, चित्रे आहेत की नाहीत, मजला एक की दोन, एवढ्या चार प्रश्नांत २ × २ × २ × २ = १६ वर्ग झाले. असे दहा प्रश्न झाले तर २ चा दहावा घात, म्हणजे १०२४ वर्ग. लेणी तीस आणि साचे हजार!

कोणी म्हणेल, एका वर्गाला दोन जनक द्यावेत. ‘मूर्तीसह विहार’ हा ‘विहार’ आणि ‘पूजास्थान’ या दोघांचाही वारस करावा. सी प्लस प्लस आणि पायथन यांसारख्या काही भाषांत असे करता येते. पण विहार आणि पूजास्थान हे दोघेही ‘लेणे’ या एकाच आजोबाचे वारस असतील आणि दोघांनीही ‘वर्णन कर’ ही क्रिया आपापल्या परीने बदलली असेल, तर नातवाने कोणाचे ऐकायचे? घराण्याची आकृती काढली तर ती पतंगासारखी चौकोनी दिसते. म्हणून या अडचणीला हिऱ्याच्या आकाराचा पेच असे नाव पडले आहे. जावा आणि पीएचपी या भाषांनी तो पेच टाळण्यासाठी वर्गाला एकच जनक ठेवण्याचा नियम केला.

जोडणीने काय होते?

आता प्रश्नच बदलून विचारू. लेणे १ ‘कोणत्या जातीचे आहे’ असे न विचारता, लेणे १ ‘ला काय काय आहे’ असे विचारू. त्याला मंडप आहे, खोल्या आहेत, गर्भगृह आहे, मूर्ती आहे, चित्रे आहेत. मग वर्ग असा होतो :

वर्ग लेणे
 गुणधर्म : क्रमांक, काळ, भागांची यादी
 क्रिया ‘वर्णन कर’ :
  क्रमांक व काळ लिही;
  यादीतील प्रत्येक भागाला सांग, ‘तुझे वर्णन कर’

आणि प्रत्यक्ष लेणी अशी जुळवायची :

लेणे १ : मंडप, खोल्या, गर्भगृह, मूर्ती, चित्रे
लेणे १२ : मंडप, खोल्या
लेणे १० : मंडप, स्तूप, चित्रे
लेणे १९ : मंडप, स्तूप (स्तूपाला : मूर्ती)

मूर्तीचे वर्णन कसे करायचे ते आता फक्त ‘मूर्ती’ या वर्गात, एकदाच लिहिले आहे. ज्याला मूर्ती आहे त्याला ती जोडली, ज्याला नाही त्याला जोडली नाही. लेणे १९ मध्ये मूर्ती स्तूपावरच कोरलेली आहे, म्हणून ती स्तूपाचा भाग झाली. भागालाही भाग असू शकतात. दहा प्रकारचे भाग असले तर दहा वर्ग पुरतात. त्यांतून १०२४ प्रकारच्या जुळण्या हव्या तेव्हा करता येतात. वारशात जो गुणाकार होत होता त्याची जागा येथे बेरजेने घेतली.

प्रयोगशाळेतील विद्युत्‌मंडल आठवा. सेल, कळ, दिवा, तारा एवढ्या मोजक्या सामानातून आपण किती निरनिराळी मंडले जुळवतो! विजेरीला सेल आहे, दिवा आहे, कळ आहे. विजेरी हा सेलचा एक प्रकार आहे असे कोणी म्हणत नाही. म्हणूनच तारेचा जुना दिवा काढून तेथे एलईडी बसवता येतो, आणि बाकीच्या विजेरीला त्याची दखलही घ्यावी लागत नाही. मात्र नव्या दिव्याने जुन्याच खोबणीत बसले पाहिजे. आज्ञावलीतही अशी खोबण असते. आपल्या उदाहरणात ती म्हणजे ‘तुझे वर्णन कर’ असे सांगितल्यावर वर्णन करण्याचा करार. जो भाग हा करार पाळतो तो कोठेही बसतो.

आणखी एक फायदा आहे. वस्तू कोणत्या वर्गाची हे साधारणतः ती तयार होताना ठरते आणि मग बदलत नाही. भागांची यादी मात्र केव्हाही बदलता येते. एखादे लेणे दुरुस्तीसाठी काही दिवस बंद असेल तर त्याच्या यादीत ‘सूचना’ हा भाग घालावा, काम संपले की काढून टाकावा. उद्या याच संकेतस्थळावर सोयगावजवळच्या वेताळवाडीच्या किल्ल्याचे पान करायचे झाले तर तट, बुरूज आणि दरवाजे हे तीन नवे भाग लिहावे लागतील. जुन्याला धक्का लागणार नाही.

श्रम वाचवण्यासाठी घेतलेला वारसा

वारशाचा सर्वांत मोठा मोह असा की त्याने लिहिणे वाचते. अजिंठ्याचे पान तयार झाले. आता याच जिल्ह्यातील वेरूळचे पान हवे. दोन्हीकडे लेणी, दोन्हीकडे तिकीट, दोन्हीकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची देखरेख. मग एखादा चलाख विद्यार्थी ‘वेरूळ’ हा वर्ग ‘अजिंठा’ या वर्गाचा वारस करतो आणि जेवढे निराळे तेवढेच नव्याने लिहितो. वेरूळची १ ते १२ ही लेणी बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन आहेत, हे तो आठवणीने लिहितो. परंतु एक बारीक गोष्ट राहून जाते. अजिंठा दर सोमवारी बंद असते आणि वेरूळ दर मंगळवारी. सोमवार हा वार वेरूळकडे वारशाने चालत आला!

संगणक काहीही तक्रार करत नाही. पान देखणे दिसते. आणि दूरच्या गावाहून मुलाबाळांना घेऊन, रात्रभर प्रवास करून निघालेले एखादे कुटुंब त्या पानावर विसंबून मंगळवारी सकाळी वेरूळच्या बंद दारापाशी उभे राहते. त्यांच्या दृष्टीने ही चूक व्याकरणाची नाही. ती खर्ची पडलेल्या रजेची आणि भाड्याच्या पैशांची आहे.

येथे ते साधे वाक्य म्हणून पाहिले असते तर चूक टळली असती. ‘वेरूळ हे एक अजिंठा आहे’ हे वाक्य ऐकताच हसू येते. वेरूळ आणि अजिंठा ही दोन्ही ‘स्थळे आहेत’ आणि दोन्हींना आपापले ‘वेळापत्रक आहे’. तेव्हा ‘वेळापत्रक’ हा वेगळा भाग करावा, आणि स्थळ तयार करताना वेळापत्रक दिलेच नाही तर आज्ञावलीने पुढे जाण्यास नकार द्यावा. गप्प राहून चुकीचे उत्तर देण्यापेक्षा अडून बसणारी आज्ञावली केव्हाही चांगली.

चाळीस की ऐंशी?

आता वारशातील एक छुपी खोच पाहू. ती कागद-पेन्सिल घेऊन करून पाहण्यासारखी आहे.

‘नोंदवही’ नावाचा एक वर्ग आहे. त्याला दोन क्रिया येतात : ‘एक नाव लिही’ आणि ‘यादी लिही’. ‘यादी लिही’ ही क्रिया आतून इतकेच करते, की यादीतील प्रत्येक नावासाठी ‘एक नाव लिही’ ही क्रिया बोलावते. तुम्हाला किती नावे आली हेही मोजायचे आहे. म्हणून तुम्ही ‘मोजणारी नोंदवही’ हा वारस तयार केला. त्यात ‘एक नाव लिही’ ही क्रिया बदलून ‘आकड्यात १ मिळव, मग वडिलांप्रमाणे कर’ असे लिहिले. आणि ‘यादी लिही’ ही क्रिया बदलून ‘यादीत जितकी नावे तितके आकड्यात मिळव, मग वडिलांप्रमाणे कर’ असे लिहिले. दोन्ही बदल स्वतंत्रपणे अगदी बरोबर आहेत.

सहलीला आलेल्या ४० विद्यार्थ्यांची यादी दिली. आकडा किती येईल? ८० येईल! कारण ‘यादी लिही’ने प्रथम ४० मिळवले. मग वडिलांची क्रिया सुरू झाली आणि तिने ४० वेळा ‘एक नाव लिही’ ही क्रिया बोलावली. पण ही वस्तू ‘मोजणारी नोंदवही’ आहे, तेव्हा तिची बदललेली क्रियाच धावून आली आणि दर वेळी तिने आणखी १ मिळवला. जनक वर्ग आतून कसा चालतो हे ठाऊक नसल्यामुळे हा घोटाळा झाला. आणि ते ठाऊक करून घेऊन तुम्ही दुरुस्ती केलीत, तरी उद्या जनक वर्ग लिहिणाऱ्याने आतली रीत बदलली की आकडा पुन्हा चुकेल. वारस आपल्या जनकाच्या अंतरंगाशी असा बांधलेला असतो.

आता जोडणी करून पाहा. ‘मोजणारी नोंदवही’ला पोटात एक साधी ‘नोंदवही’ आहे. यादी आली की ती ४० मिळवते आणि यादी पोटातल्या वहीकडे देते. पोटातली वही ४० वेळा ‘एक नाव लिही’ बोलावते, पण ती स्वतःचीच, साधी क्रिया. तिला बाहेरच्या मोजणीचा पत्ताच नाही. आकडा ४० राहतो. आतली रीत उद्या बदलली तरीही ४०.

चौरस हा आयत आहे काय?

भूमितीच्या तासाला याचे उत्तर निःशंक ‘होय’ असे आहे. मग ‘चौरस’ हा वर्ग ‘आयत’ या वर्गाचा वारस करायला हरकत नसावी. पण आज्ञावलीतील आयताला ‘लांबी ठरव’ आणि ‘रुंदी ठरव’ अशा दोन क्रिया असतात. पानावर चित्राची चौकट मांडणारी आज्ञावली आयताची लांबी ५ ठरवते, रुंदी ४ ठरवते आणि क्षेत्रफळ २० धरून चालते. तिला चौरस दिला तर काय होईल? चौरसाने आपले चौरसपण राखण्यासाठी रुंदी ४ करताच लांबीही ४ केली. क्षेत्रफळ १६! चौकट बिघडली.

भूमिती चुकली काय? मुळीच नाही. वहीत काढलेला चौरस आपल्या बाजू बदलत नाही. आज्ञावलीतील वस्तू बदलते. बदलण्याची क्रियाच काढून टाकली तर चौरस आयताचा सुखाने वारस होऊ शकतो. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये या बाबतीतली कसोटी मांडली. तिचा मथितार्थ असा : जेथे जेथे जनक वर्गाची वस्तू चालते तेथे तेथे वारसाची वस्तू ठेवली तरी वापरणाऱ्याचा अपेक्षाभंग होता कामा नये. तेव्हा ‘आहे’ हे वाक्य कानाला खरे वाटणे पुरेसे नाही. ते वागण्यातही खरे ठरले पाहिजे.

या कसोटीवर मोठमोठेही घसरले आहेत. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जावा भाषेत ‘स्टॅक’, म्हणजे ताटांची चळत, हा वर्ग ‘व्हेक्टर’ या यादीच्या वर्गाचा वारस केलेला आहे. चळतीत फक्त वर ठेवायचे आणि वरूनच काढायचे असते. पण यादीच्या वारशामुळे या चळतीच्या मधूनही वस्तू घालता-काढता येते. आता जावाची अधिकृत माहितीच त्याऐवजी दुसरी सोय वापरा असे सुचवते. परंतु जगभरच्या जुन्या आज्ञावली मोडतील म्हणून ती चळत काढून टाकता आलेली नाही.

मग वारसा टाकून द्यायचा काय?

तसे नव्हे. तुम्ही संकेतस्थळाचे कोणतेही पान उघडता तेव्हा ब्राउझरच्या आत दोन्ही कल्पना शेजारी शेजारी नांदत असतात. पानावरील बटण, चित्र, परिच्छेद हे सगळे ‘घटक’ या एका जनक वर्गाचे वारस असतात. बटण हा खरोखरच घटक आहे. घटकाला जे जे करता येते ते ते सर्व बटणाला करता येते, कोठेही अपेक्षाभंग नाही. पण ते पान मात्र वारशाने घडत नाही. पानाला मथळा आहे, मथळ्याखाली तक्ता आहे, तक्त्याला ओळी आहेत, ओळीत बटण आहे. ती सारी जोडणीच.

म्हणजे निवडीची रीत थोडक्यात अशी. पहिल्याने वाक्य म्हणून पाहावे : ‘क हा एक ख आहे’ की ‘क ला ख आहे’? ‘ला’ आला की जोडणी. ‘ला’ नसेल तर लिस्कोव्ह यांची कसोटी लावावी. क ला ख चे सगळेच्या सगळे वागणे हवे आहे काय, आणि ते कायम राहणार आहे काय? दोन्ही उत्तरे ‘होय’ असतील आणि जनक वर्ग वारसांसाठी विचारपूर्वक लिहिलेला असेल, तर वारसा घ्यावा. नुसते चार ओळींचे लिहिणे वाचते म्हणून घेऊ नये. शंका राहिली तर जोडणीकडे झुकावे. कारण जोडलेला भाग सुटा करणे सोपे, वारसा मोडणे अवघड.

जोडणी फुकट मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. ‘मोजणारी नोंदवही’ला पोटातल्या वहीची प्रत्येक उपयोगी क्रिया पुढे ढकलण्यासाठी एकेक ओळ लिहावी लागते. भाग पुष्कळ झाले की कोण कोणाला जोडले आहे ते शोधत बसावे लागते. लहानशा, न बदलणाऱ्या कामाला साधा वारसा अधिक सुटसुटीत असतो.

एरिक गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडेस या चौघांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथात वर्गांच्या वारशापेक्षा वस्तूंच्या जोडणीला पसंती द्यावी असा सल्ला दिला आणि तो सर्वत्र मान्यता पावला. पीएचपी भाषेत २०१२ मध्ये ‘ट्रेट’ नावाची सोय आली. तिने जनक न बदलता क्रियांचा एखादा संच वर्गात घेता येतो. २००९ मध्ये जाहीर झालेल्या ‘गो’ या भाषेत तर वर्गांचा वारसा ठेवलेलाच नाही. सिम्युलाने जो वारसा दिला तो पुढच्या पिढ्यांनी असा पारखून, निवडून घेतला.

करून पाहा

या सगळ्यासाठी संगणक हाताशी हवाच असे नाही. शिक्षकांनी पुठ्ठ्याची कार्डे करून मुलांना पुढील प्रश्न द्यावेत. एका कार्डावर एक वर्ग लिहावा; वारसा असेल तेथे बाण काढावा आणि जोडणी असेल तेथे दोरा बांधावा.

१. ग्रंथालय, पुस्तक, मासिक, वाचक आणि वर्गणी यांत कोणाकोणात बाण येतील आणि कोणात दोरे?

२. ‘मुख्याध्यापक हे शिक्षक आहेत’ हे वाक्य खरे आहे. पण शिक्षक बढतीने मुख्याध्यापक होतात तेव्हा तीच वस्तू वर्ग कशी बदलणार? ‘व्यक्तीला पद आहे’ असे मानले तर काय सुटते?

३. शाळेत साधी सायकल, गिअरची सायकल आणि विजेरी संचावर चालणारी सायकल अशा तीन सायकली आहेत. उद्या गिअर असलेली विजेरी सायकल आली तर तुमची कार्डे किती बदलावी लागतात ते मोजा. ज्या गटाला कमीत कमी कार्डे बदलावी लागली त्याने निवड बरोबर केली.

तिसऱ्या प्रश्नातील ही मोजणीच खरी परीक्षा आहे. आज्ञावली आज चालते की नाही हे कोणालाही पाहता येते. उद्या ती दुसऱ्याच्या हाती गेल्यावर त्याला किती जागी हात लावावा लागेल, हे आजच मोजून ठेवणारा विद्यार्थी आज्ञावली लिहायला शिकला असे म्हणता येईल.